भिंतीला गाल लावणारे काका

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वाचनालयाच्या पश्चिमेकडच्या भिंतीला गाल लावून, डोळे मिटून उभे होते. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. हॉलमध्ये तीस-चाळीस मुलंमुली स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उघडून बसलेली आणि त्यांतल्या एकालाही या दृश्याचं काही वाटत नव्हतं. मला मात्र वाटलं, म्हाताऱ्या माणसाला चक्कर आली. हातातली मोजायची टेप तशीच टाकून मी धावले आणि त्यांचा दंड धरला.

"काका, बसता का? पाणी आणू?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "एक मिनिट," म्हणाले, आणि खरोखर मिनिटभर तसेच राहिले. मग गाल काढला, शर्टाच्या खिशातून छोटी वही काढली, पेन्सिलीने दोन अक्षरं लिहिली आणि मगच माझ्याकडे वळले.

"भिंत अजून रात्रीतच आहे," ते म्हणाले. "बाहेर ऊन तापलंय, पण हिला पत्ता नाही. चार वाजता कळेल तिला. तुम्ही एसीवाल्या ना?"

मी एसीवालीच होते. नाशिकच्या जुन्या भागातलं ते वाचनालय इंग्रजांच्या काळातलं. काळ्या दगडाच्या दोन हात रुंद भिंती, कौलारू छप्पर आणि इतकं उंच की पंखे लांबलचक दांड्यांना लटकलेले. भिंतींच्या अगदी वरच्या अंगाला, छपराच्या जरा खाली, लाकडी झडपांची ओळ होती. खालून दोरी ओढली की त्या उघडायच्या. उघडायच्या म्हणजे कधीकाळी. मी गेले तेव्हा बहुतेक दोऱ्या कुजून गेल्या होत्या आणि झडपा जशा होत्या तशा अडकून बसल्या होत्या. एका कुटुंबाने इमारत वातानुकूलित करायला देणगी दिली होती आणि ते काम आमच्या कंपनीकडे आलं होतं. कंपनी म्हणजे अंबडमधला एक गाळा, आमचे साहेब, चार फिटर आणि मी. पूर्णपणे माझ्यावर सोपवलेलं ते पहिलंच काम.

वाचनालयात त्यांना समोर सगळे 'काका' म्हणत आणि पाठीमागे 'हवामान खातं'. "हवामान खातं आलं का?" असं शिपाईसुद्धा विचारायचा. ते ओझरच्या विमान कारखान्यात होते. विमानांशी त्यांचा संबंध नव्हता. तिथल्या काही खोल्यांची हवा ठरावीक थंड आणि ठरावीक कोरडी ठेवावी लागते, ती ठेवण्याचं काम त्यांनी पस्तीस-चाळीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी नऊच्या ठोक्याला वाचनालयात. पेपर वाचायला येतो म्हणायचे, पण पेपरात ते पहिल्यांदा कालचं तापमान बघायचे आणि त्यावर पेन्सिलीने दुरुस्ती करायचे. ग्रंथपाल बाई चिडायच्या.

"काका, पेपर सगळ्यांचा असतो. त्यावर काय लिहिता?"

"बाई, हा आकडा शहराबाहेरचा आहे. आपल्या गल्लीत इतकं नव्हतं. सगळ्यांचा पेपर आहे म्हणून तर लिहिलं."

खिडकीच्या कट्ट्यावर त्यांनी एक लाकडी पट्टी ठेवली होती. तिच्यावर शेजारी शेजारी दोन थर्मामीटर. एकाच्या टोकाला पातळ कापड गुंडाळलेलं आणि ते कापड खालच्या औषधाच्या बाटलीतल्या पाण्यात बुडालेलं. हवा जितकी कोरडी तितकं ते कापड लवकर वाळतं आणि तितका तो पारा खाली राहतो. दोन पाऱ्यांतल्या फरकावरून हवेत ओल किती ते कळतं. शाळेत आम्ही हे शिकलो होतो आणि विसरलो होतो. ते विसरले नव्हते. "कोरडा पारा काय, कोणालाही कळतो," ते म्हणायचे. "ओला पारा खरं बोलतो." ते कापड त्यांच्या दिवंगत पत्नीच्या सुती पातळाचं होतं. दर सोमवारी नवा तुकडा लावायचे. त्याबद्दल मी एकदा विचारलं, तेव्हा हळवं वगैरे काही न होता म्हणाले, "धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत लागतं. नवं कापड पाणी ओढत नाही. तिची पातळं चांगली आहेत त्याला."

वारा कुठून कुठे जातो हे बघायला ते सुरुवातीला उदबत्ती लावत. बौद्ध घरातला, देवधर्म न मानणारा माणूस भर वाचनालयात उदबत्ती घेऊन फिरतोय म्हटल्यावर बाईंनी विचारलं, "कसली पूजा, काका?" ते म्हणाले, "पूजा नाही, बाई. धूर कुठे वळतो बघतोय." पुस्तकांत विस्तव घेऊन फिरल्याबद्दल बाईंनी त्यांना असं काही झापलं, की दुसऱ्या दिवसापासून उदबत्तीची जागा गुलाबी लोकरीच्या धाग्यांनी घेतली. प्रत्येक खिडकीच्या गजाला एक धागा. वारा आला की हलायचा. झालं असं, की परीक्षेच्या तोंडावर मुलांना वाटलं हे नवसाचे धागे आहेत. आठ दिवसांत गजांना लाल, पिवळे, हिरवे असे पन्नासेक धागे लागले. काकांनी एका दुपारी स्टूल घेऊन ते एकेक सोडवले आणि ज्याचे त्याला परत केले. "हा तुझा का? घे. याने वारा कळत नाही आणि निकालही लागत नाही."

तसे ते हट्टी होते, आणि नेहमी बरोबरच असायचे असंही नाही. एकदा त्यांनी वरची एक झडप स्वतः दोरी ओवून चालू केली. दोन दिवसांत त्या वाटेने पारव्याची जोडी आत आली आणि शब्दकोशांच्या कपाटावर घरटं करून मोकळी झाली. अंडी दिसल्यावर काकांनी जाहीर केलं की पिल्लं उडेपर्यंत झडप बंद करता येणार नाही. बाई रोज सकाळी शब्दकोशांवर रद्दी पसरायच्या आणि रोज संध्याकाळी तोंड वाकडं करून ती उचलायच्या. पिल्लं उडाली त्या दिवशी काकांनी बाईंना पेढे आणून दिले. बाईंनी ते घेतले आणि फडकं घेऊन शब्दकोश पुसायला लागल्या.

ते गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांच्याबद्दल बोलताना लोक अजून हे धाग्यांचं आणि पारव्यांचंच सांगतात. मला मात्र आधी आठवतो तो त्यांनी माझ्या नकाशावर ठेवलेला अंगठा.

भिंतीच्या त्या भेटीनंतर चार-पाच दिवसांनी मी हॉलमधल्या लांब टेबलावर नकाशा पसरून बसले होते. ते येऊन समोर उभे राहिले.

"गाव कुठलं तुमचं?"

"नामपूर."

"घरी कांदा?"

"हो. चाळ आहे आमची."

हे ऐकल्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. कांद्याची चाळ किती लांब, जमिनीपासून किती उंच, तोंड कुठल्या दिशेला, पावसाची झड आली की कुठल्या बाजूला गोणपाट सोडता, थर किती फुटांचा, असे प्रश्नावर प्रश्न. मला सगळी उत्तरं येत होती. उन्हाळ्याच्या सुट्ट्या कांदा साठवायच्या त्या हवेशीर चाळीतच गेल्या होत्या. शेवटी म्हणाले, "आणि चाळ चारी बाजूंनी पत्रा ठोकून बंद केली तर?"

"कांदा सडेल."

"मग हे काय आहे?" त्यांनी अंगठा नकाशावर ठेवला. तिथे मी वरच्या झडपांच्या ओळीवर लिहिलं होतं: कायमच्या बंद करणे. त्याच्याखाली, सगळ्या हॉलभर, पांढऱ्या बोर्डाचं खोटं छत.

"पुस्तक म्हणजे कांदा नाही, काका."

"नाही," ते म्हणाले. "कांदा पुढच्या वर्षी परत येतो."

त्या संध्याकाळी मी दादांना, म्हणजे वडिलांना, फोन केला आणि हे हसत हसत सांगितलं. दादा हसले नाहीत. "पोरी, कांदा जित्ता शे. त्याले वारा लागस," म्हणाले. मग जरा थांबून, "त्या माणूसले घर लई ये." मी 'बरं' म्हटलं. पण काकांना गावी घरी नेणं काही झालं नाही.

आता बैठकीचं सांगते. वाचनालयाच्या समितीपुढे मला आराखडा मांडायचा होता. साहेब शेजारी बसले होते. समितीने काकांनाही बोलावलं होतं, निदान त्यांनी नंतर पेपरांच्या टेबलावर कुरकुर करू नये म्हणून. माझं सगळं सांगून झालं, दोन-चार प्रश्न झाले. मग काका उभे राहिले. पांढरा फुल शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली, हातात वही.

"एकच विचारतो," ते म्हणाले. "मशीन सकाळी दहाला सुरू होणार. संध्याकाळी आठला बंद. पावसाळ्यात त्या मधल्या चौदा तासांत आत काय होणार?"

मला उत्तर माहीत होतं. दिवसभर गार हवेत पुस्तकं आणि भिंती थंड होणार. मशीन बंद झालं की पावसाची दमट हवा दाराच्या फटींतून, कौलांच्या सांध्यांतून आत येणार, आणि गार बाटलीला बाहेरून जसं पाणी सुटतं तशी ती थंड भिंतींवर, थंड पुठ्ठ्यांवर ओल धरणार. झडपा बंद, म्हणजे ओल बाहेर जायला वाट नाही. यावर उपाय म्हणजे मशीन दिवसरात्र चालवणं, आणि त्याचं वीजबिल ऐकून समितीने तिथल्या तिथे काम रद्द केलं असतं. साहेबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. काम पहिलं होतं.

"काही होत नाही, काका," मी म्हणाले. "आपण सगळं सील करतोय."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मग वही मिटली, "बरं," म्हणाले आणि बसले. आराखडा मंजूर झाला. टाळ्याही वाजल्या. मला ते 'बरं' घरी जाईपर्यंत ऐकू येत होतं.

एप्रिलमध्ये काम पूर्ण झालं. पांढरं शुभ्र छत, ओळीने दिवे, आत शिरलं की अंगावर गार हवा. मुलं खूश झाली. काका मात्र आत येईनासे झाले. व्हरांड्यातल्या बाकावर पेपर घेऊन बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे: आम्ही नाही का घाम गाळून शिकलो, आताच्या पोरांना जरा ऊन सोसत नाही. मी देखभालीच्या कामासाठी गेले होते, तेव्हा त्यांचं हे चालू असताना पेठ तालुक्यातली एक मुलगी पाणी प्यायला बाहेर आली. तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होती, सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर हजर असायची. तिने बाटली भरली, झाकण लावलं आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"काका, तुमच्या घराला स्लॅब हाय ना?"

"आहे."

"माझी खोली पत्र्याची हाय. तीन जणी राहतो. दुपारी तिथं बसवत नाय. घाम वहीवर पडतो नि शाई पसरते. मला गार लय पाहिजे. पुस्तकांचं तुम्ही बघता, चांगलं हाय. माझं कोण बघणार?"

ती आत निघून गेली. आवाज तिने चढवला नव्हता. काका बराच वेळ पेपरची तीच घडी हातात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी ते आत आले. त्या मुलीला विचारून तिच्या शेजारच्या खुर्चीवर तासभर बसले, काही न वाचता. बाहेर आले तेव्हा मी जिन्यापाशी फिटरशी बोलत होते. मला म्हणाले, "मी चुकलो. आयुष्यभर यंत्रांसाठी हवा थंड केली. पार्ट बिघडू नये, गंजू नये म्हणून. माणसासाठी कधी केलीच नाही. त्यामुळे माणूस हिशेबात धरायचाच राहून गेला." आणि मग, अगदी बारीक आवाजात, "पण पुस्तकंही राहिलीत हो."

श्रावणात बाईंचा फोन आला. "जरा येऊन जा," एवढंच म्हणाल्या. साहेब म्हणाले, "छप्पर गळत असेल. तसं लिहून दे आणि सही घेऊन ये." मी गेले. छप्पर गळत नव्हतं.

मागच्या भिंतीलगतच्या कपाटांची दारं उघडी होती. पुस्तकांच्या पाठींवर पांढरट-हिरवी लव आली होती, बारीक, जवळजवळ सुंदर दिसावी अशी. हात लावला की बोटाला यायची. हॉलभर तळघरासारखा वास. छताच्या एका कोपऱ्यात बोर्ड फुगून काळा पडला होता. सर्वांत वाईट अवस्था जुन्या पोथ्यांच्या खोलीत होती. तिथे गावातल्याच एका जुन्या साप्ताहिकाचे बांधीव अंक होते. त्यांतले दोन खंड वीट होऊन गेले होते. पानं एकमेकांना अशी चिकटली होती की सुटणं शक्य नव्हतं.

काका तिथेच होते. त्यांनी घरून चार टेबल फॅन आणले होते. लांब टेबलांवर पुस्तकं उभी करून, पानं पंख्यासारखी पसरून ठेवली होती. पेठची मुलगी आणि आणखी पाच-सहा जणं तोंडाला रुमाल बांधून व्हरांड्यात मऊ ब्रशने बुरशी झटकत होती. माझ्याकडे बघून काकांनी एक रुमाल आणि एक ब्रश पुढे केला. बाकी काही नाही.

"पुस्तक उभं धरा. पाठ वर. ब्रश आपल्यापासून लांब न्यायचा, आपल्याकडे नाही."

मी बसले. तासभर एकामागून एक पुस्तक झटकलं. पलीकडे पाऊस संथ लागला होता. शेवटी मला राहवेना.

"काका, मला माहीत होतं. त्या दिवशी बैठकीत."

त्यांचा ब्रश थांबला नाही. "तुम्हाला माहीत आहे, हे मला माहीत होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? तुमच्याकडे वही होती. आकडे होते."

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो." त्यांनी पुस्तक उलटं केलं, दुसऱ्या बाजूवर फुंकर घातली. "मी बोललो असतो तर म्हाताऱ्याची कटकट झाली असती. आता बोला. समिती शनिवारी बसतेय."

शनिवारपर्यंत मी रोज गेले. साहेबांना सांगून गेले, कारण लपवाछपवीचे दिवस संपले होते. शनिवारी समितीपुढे साहेबांनी छपराचं सुरू केलं. "कौलं जुनी आहेत, ओल वरून येतेय," वगैरे. मी उभी राहिले.

"ओल वरून आलेली नाही," मी म्हणाले. "आराखडा चुकला. तो माझा होता. मला हे आधी माहीत होतं आणि मी तेव्हा खोटं बोलले."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बाई खाली बघत होत्या. साहेबांचा चेहरा लाल झाला होता. काका दाराजवळ बसले होते. ते माझ्याकडे बघतही नव्हते, खिडकीतला धागा बघत होते. मग तेच म्हणाले, "आता काय करायचं ते विचारा तिला. तिला येतं."

जिना उतरताना साहेब म्हणाले, "उद्यापासून यायचं की नाही, विचार कर." मी विचार केला आणि दुसऱ्या दिवशी गेले. त्यांनी महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, पण वाचनालयाचं काम माझ्याकडून काढून घेतलं नाही. पुढे काही वर्षांनी त्यांनीच एका नव्या मुलाला माझ्यासमोर सांगितलं, "हिला विचार, खरं सांगेल." ती मी शाबासकी समजते.

त्यानंतरचे तीन-चार महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले. रोज दुपारी मी आणि काका इमारतभर फिरायचो. "यंत्र नंतर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "आधी इमारतीला विचारायचं." मीही भिंतीला गाल लावायला शिकले. पहिल्यांदा लाज वाटली, मग सवय झाली. दगडाचा गारवा कुठे संपतो आणि ओल कुठे सुरू होते, हे गालाला समजतं. हाताला तितकं नाही.

खोटं छत उतरवलं. झडपा सुताराकडून नीट करून घेतल्या, आतून बारीक जाळी बसवली (पारव्यांमुळे, बाईंची अट), नव्या दोऱ्या ओवल्या. मुख्य हॉलला मशीन नाही. झडपा, खिडक्या आणि वरची गरम हवा बाहेर ओढणारे दोन मोठे पंखे. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे घेतली. पोथ्यांच्या खोलीत एक लहानसं यंत्र बसवलं. ते हवा गार करत नाही, फक्त ओल काढून घेतं, आणि दिवसरात्र चालू असतं. आणि एसीची सगळी मशीनं मागच्या अंगाला नंतर बांधलेल्या स्लॅबच्या खोलीत नेली. तिथे पुस्तकाचं एकही कपाट ठेवलं नाही. फक्त टेबलं, खुर्च्या आणि मुलं. त्या खोलीसाठी काकांनी समितीत इतकं भांडण केलं की अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही तर एसीच्या विरोधात होता ना?"

"होतो," काका म्हणाले. "मला एका मुलीने शिकवलं."

पेठच्या मुलीने खिडक्या उघडण्या-मिटण्याचं वेळापत्रक आपण होऊन हातात घेतलं. पुढचा पावसाळा आला तेव्हा बाई रोज एकेक कपाट उघडून वास घेत होत्या. भाद्रपद संपला तरी बुरशी आली नाही. बाईंनी यावेळी स्वतः पेढे आणले.

समितीने काकांचा सत्कार करायचं ठरवलं. शाल, श्रीफळ, भाषण. काकांनी नाही म्हणून सांगितलं. फार आग्रह झाला तेव्हा म्हणाले, "एक गोष्ट द्या. सभासदत्वाचा फॉर्म द्या."

बाईंनी विचारलं, "म्हणजे? तुम्ही सभासद नाही?"

नव्हते. पेपरांच्या टेबलाला सभासदत्व लागत नाही. कोणीही येऊन बसावं. इतकी वर्षं ते तिथे बसत होते आणि कपाटं सांभाळत होते, पण त्यांतलं एकही पुस्तक त्यांनी घरी नेलेलं नव्हतं.

का, ते त्यांनी त्याच दुपारी बाईंच्या टेबलापाशी उभं राहून सांगितलं, मीही होते. कारखान्यात नुकतेच लागले होते तेव्हा, विशीत, ते ओझरहून सायकलवर इथे आले होते. सभासद व्हायला. तेव्हाच्या कारकुनाने फॉर्म घेतला, आडनाव वाचलं, आणि म्हणाला, दोन सभासदांच्या सह्या आणा.

"वाईट बोलला नाही तो," काका म्हणाले. "नियम सगळ्यांनाच होता. पण बाकीच्यांना सभासद ओळखीचे असायचे. मला या शहरात कोण ओळखत होतं? मी पायरीवर बसून राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारावं म्हटलं. दोघांना विचारलं. त्यांनी आधी आडनाव विचारलं. मग मी सायकल काढली."

बाईंनी घाईघाईने खणातून फॉर्म काढला. "तो नियम आता कोण पाळतो, काका? नुसता छापलेला आहे. मी करते तुमचं."

"नाही. नियमानेच करा. दोन सह्या."

बाई स्वतःही सभासद होत्या; पहिली सही त्यांनी केली. काकांनी फॉर्म उचलून माझ्यापुढे धरला. मी पेन काढलं आणि एकदम लक्षात आलं. "काका, मी कुठे सभासद आहे?"

ते मनापासून हसले. त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. "मग आधी तुमचा भरा," म्हणाले. "मी थांबतो. मला घाई नाही."

मी फॉर्म भरला. माझ्या फॉर्मवर बाईंची एक सही झाली, दुसरीसाठी मागच्या खोलीतून पेठच्या मुलीला बोलावलं. तिने वहीतून बोट न काढता सही केली आणि परत गेली. बाईंनी माझं कार्ड लिहिलं, शिक्का मारला. मग मी काकांच्या फॉर्मवर सही केली. नावापुढे कंसात सभासद क्रमांक लिहायचा असतो. शाई ओलीच असलेल्या माझ्या कार्डावरून बघून लिहिला.

काका कार्ड घेऊन कपाटांकडे गेले आणि जवळजवळ तासाभराने एक जाडसर पुस्तक घेऊन आले. कुठलं, ते मी बघितलं नाही; त्यांनी ते छातीशी धरलं होतं. बाईंनी तारीख टाकली. ते पायऱ्या उतरले. मी व्हरांड्यात उभी राहून बघत होते. खांद्याला त्यांची रोजची कापडी पिशवी होती, पण पुस्तक त्यांनी पिशवीत टाकलं नाही. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, एकीलाही त्यांनी हात केला नाही. पुस्तक समोर, दोन्ही हातांत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं धरून ते बाजाराच्या गर्दीतून चालत निघाले. कोपऱ्यावर ओळखीचं कोणी भेटलं असावं. ते थांबले, त्या माणसाने काहीतरी विचारलं, आणि काकांनी पुस्तक वळवून त्याला मुखपृष्ठ दाखवलं.